नाकतोड्याची तसदीक

पांडुरंगरावाच्या तोंडात थर्मामीटर, आणि कुमुदिनीबाई समोर कमरेवर हात देऊन उभी. ते वाजल्याबिगर तोंड उघडायचं नाही, असं तिनंच बजावलेलं. महसुलात गिरदावर म्हणून उभी हयात लोकांच्या धुऱ्यांवर, बांधाबांधावर, ओरडण्यात घालवलेला माणूस असा तोंडात काडी धरून मुका बसलेला पाहायला तिला बरं वाटून राह्यलं होतं. तापाची काळजी वेगळी, मजा वेगळी. पण म्हाताऱ्याचं काहीतरी चाललं होतं. डोळे वटारे, भिवया नाचवे, बोटानं तोंडाकडं दाखवे. तिनं ते बोट खाली दाबलं. त्यानं परत वर केलं. एवढीशी काडी धरवत नाही तुमच्यानं, असं ती म्हणाली, आणि म्हणून दोन घटका समाधान पावली. शेवटी त्यानं काडी फसकन ओढून काढली आन् तिच्या नाकासमोर धरली. “कवाचं वाजलं ना हे. वाजून वाजून थकलं बिचारं. काऊन उभी राह्यली पुतळ्यावानी?” आयकू आलं होतं मले, ती म्हणाली. मंग? मंग काय, म्हटलं पाहाव, हा माणूस किती वेळ चूप राहू शकते. थाप चांगली होती, तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी गरम आणि फुगलेली. पांडुरंगरावानं ती खाल्ली का नाही, कळलं नाही. तो गोधडी ओढून भिंतीकडं तोंड करून झोपला. पण बाईच्या पोटात कुठंतरी विहिरीवरचा दोर हातातून सुटावा तसं झालं, आणि बादली पाण्याला लागल्याचा आवाज काही आला नाही.

आता कान म्हणजे कुमुदिनीबाईची जहागीर. आदिलाबादच्या टेलिफोन आफिसात तिनं नोकरी केली ती कानाच्या जोरावर. ट्रंककॉलच्या जमान्यात नांदेडच्या लाईनीवरचा खरखराट वेगळा, मंचेरियलच्या लाईनीवरचा वेगळा. माणसानं नुसता घसा खाकरला का ती सांगे, हा अमुक सावकाराचा मुनीम आहे आणि आज याला नाही म्हणायचं आहे. त्या दिवसांच्या गोष्टी ती अशा सांगे का ऐकणाऱ्याचा चहा थंड होई. एकदा म्हणे खांबावरच्या डब्यात साळुंकीनं घरटं केलं, आणि बासरच्या कोण्या पुजाऱ्यानं निजामाबादला फोन लावला तं मधातच पिल्लू बोललं, आणि पुजाऱ्यानं त्याला सूनबाई समजून सगळी हालहवाल सांगितली. पिल्लू मधून मधून हुंकार देई म्हणे. ही गोष्ट तिनं पक्षी पाहणाऱ्या मंडळीत सांगितली तेव्हा कोणी हसलं नाही. त्यांच्यातल्या व्यंकटेशनं तं गंभीर तोंड करून विचारलं, काकू, कोणती साळुंकी, साधी का भांगपाडी? त्या दिवसापासून ती या मंडळीला मनातून ओळखून होती. ज्याला थाप ओळखता येत नाही त्याला पाखरू काय ओळखता येईन, कपाळ.

तरी पण दर साली दसरा होऊन थंडी लागली का ती त्यांच्यासंगं जाई. जाई म्हणजे काय, तिला नेत. पैनगंगेच्या अंगाला एक जुना तलाव आहे, त्याच्या काठाच्या गवतात उत्तरेकडून, बर्फाच्या मुलखातून, चिमणीएवढं एक मातकट पाखरू येते. दिसायला काही नाही. चिखलात लोळलेली चिमणीच म्हणा. पण गळा उघडला का नाकतोडा लागोलाग किरकिरावा, उताराला लागलेल्या सायकलीची चक्री फिरावी, तसा बारीक, लांब, न तुटणारा आवाज काढते. तिनंच त्याचं नाव नाकतोड्या ठेवलं. इथं आल्यावर तो गात नाही, असं शिकलेले लोक म्हणत. तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा हैदराबादच्या एका जाणत्यानं तिला फोनवर समजावलं का बाई, तो कीडा असेल. पुढच्या साली त्याच जाणत्याला तिनं तलावावर आणून उभा केला आणि बोट वर केलं. त्यानं ऐकलं, आणि त्याचं तोंड असं झालं जसं कोणी त्याच्या ताटातून भात उचलला. तेव्हापासून रिवाजच पडला. मंडळी पाळीवर ओळीनं उभी राहते, डोळे मिटते, कोणी बोलत नाही, आणि कुमुदिनीबाईनं बोट वर केल्याबिगर नाकतोड्या आला असं कोणी म्हणत नाही. पांडुरंगराव या बोटाला तसदीक म्हणे. तहसिलात जमिनीच्या कागदावर साहेबाची तसदीक, म्हणजे खरेपणाची सही, पडल्याबिगर जमीन कोणाची नाही, तसं. हा शब्द मंडळीनंही उचलला. तसदीक झाली का, असं व्यंकटेशच्या बँकेतले लोकही एकमेकांना विचारत, जसं काही हे अख्खं पाखरू तिच्या बोटावर बसून आलं.

थर्मामीटरच्या प्रकारानंतर दोन दिवस ती घरात चोरासारखी वागली. फोडणीत मोहरी टाके आणि कान देई; मोहरी तडतडे, ऐकू येई. कुकरची शिट्टी ऐकू येई. पांडुरंगरावाचं कण्हणं तं न ऐकायचं ठरवूनही ऐकू येई. म्हणजे काही नाही झालं, ती स्वतःला म्हणे, थर्मामीटरची कंपनीच भिकार आहे, आवाजच काढत नाही. मग तिसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर गेली. सुवर्णानं, म्हणजे मंडळीतल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या पोरीनं, मागच्या साली नाकतोड्याचा आवाज मोबाईलवर पाठवला होता. तो लावला. पडद्यावर एक रेघ थरथरत पुढं सरकत होती, म्हणजे वाजून राह्यला होता. मोबाईल कानाला लावला. उजव्या. मग डाव्या. काहीच नाही, नुसती पोकळ हवा, मडक्यात कान घातल्यासारखी. शेजारच्या कठड्यावर एक मांजर ऊन खात पडली होती, तिनं डोळे न उघडता एक कान वळवला, मोबाईलकडं. मग दुसरा वळवला. बाई त्या मांजरीकडं पाहत राह्यली. जन्मभर उष्टं खाऊन फुगलेली, एक उंदीर कधी मारला नसंन, आणि हिला ऐकू येते. तिनं चप्पल फेकली. मांजर गेली, पण जाताना तिनं मागं वळून जे पाह्यलं ते बाईला लागलं.

भीती वाटली असं ती कधी म्हटली नसती. तिला राग आला, आणि राग आला का तिला सगळे लोक लहान दिसत. व्यंकटेश तं होताच. बँकेत मॅनेजर, पण तलावावर येताना अंगात पानापानाचे कपडे, डोक्यावर तशीच टोपी, म्हणजे पाखराला झुडूप वाटावं. परतताना बसस्टँडजवळ तेच झुडूप मिरचीभजे खात उभं राही आणि गाई त्याच्याकडं आशेनं पाहत. क्यामेऱ्याची नळी अशी का कोळशाच्या खाणीत हवा सोडावी. तिच्यातून पाखराच्या पापणीचे केस मोजता येत, पण ते पाखरू कोण हे त्याला काकूलाच विचारावं लागे. सुवर्णा पाखरांशी लाडानं बोले, आजा, आजा बेटा, हिंदीत, जसं काही पाखरू सैबेरियातून हिंदी शिकून आलं. आणि मोबाईलला विचारे, हा कोण. मोबाईल सांगे. मग तिला विचारे, काकू, बरोबर का? मोबाईलवरही तसदीक लागे. या लोकांच्या पुढं आपण म्हणायचं, बाप्पाहो, माझा कान गेला? आणि मग ते कसे पाहतील, तेही तिला दिसत होतं. सुवर्णा मान तिरपी करीन. व्यंकटेश खुर्ची आणीन. पुढच्या साली बोलवतील, पण कसं, तं लग्नात आत्याबाईला बोलवतात तसं. येशीन तं ये, कोपऱ्यात बस, जेव.

आणि गंमत अशी का लहान होती तेव्हा तिचं काम पाखरं उडवायचं. माहेर नार्नूरकडचं, ज्वारी हुरड्यावर आली का बाप तिला मचाणावर बसवे, हातात गोफण, आणि उत्तरेकडून भोरड्यांचे थवेच्या थवे येत, गुलाबी काळ्या, कणसावर पडल्या का कणीस रिकामं करून उठत. आई वाकून निंदत असायची, आणि वर न पाहता म्हणायची, उत्तरेकडून येऊन राह्यल्या, उठ. आईला पंखांचा आवाज आधी येई, अंगावरून रेशमी धोतर ओढावं तसा. बाईही तो ऐकायला शिकली, दगड मारण्यासाठी शिकली. हुर्र, हुर्र करून घसा बसे. एखादीला दगड लागला का बाप शाबासकी देई. आता तीच भोरडी दिसली का व्यंकटेश हात जोडतो, आणि तिला मनात अजून गोफण फिरत असल्यासारखं वाटते, आणि दगड नेमका कोणाला मारावा हे तेवढं बदललं आहे. मचाणावर दुपारी वारा थांबला का सगळा मुलूख बारीक आवाजांनी भरून जाई, किड्यांच्या, गवताच्या, उन्हात शेंगा तडकायच्या. ते आवाज आता कुठं गेले? तिनं कधी विचार केला नव्हता. तिला वाटलं होतं, औषधं फवारून लोकांनी किडे मारले. परवापर्यंत तिनं या गोष्टीसाठी सरकारला शिव्या दिल्या होत्या. गच्चीवर उभ्या उभ्या तिला पहिल्यांदा वाटलं, किडे असतीनही, बारीक आवाजच आपल्यापर्यंत येत नसतीन.

रविवारी पहाटे निघायचं होतं. तिनं बूट काढले, पुसले, परत ठेवले. पांडुरंगराव पेज पिताना पाहून राह्यला होता. ताप उतरला होता, म्हणजे जीभ परत जाग्यावर आली होती. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, “जाऊन काय आयकशीन?”

तिनं बूट परत हातात घेतले. ऐकूच आलं नाही असं दाखवायची सोय आता राह्यली नव्हती.

“सांगून टाक ना त्याइले,” तो म्हणाला. “मी रिटायर झालो तं झालो. कोणी बांधावर बोलवते काय मले? कान बी रिटायर होते. त्यात लाजाचं काय हाये?”

“तुमी काम काय करत होते तं रिटायर व्हाल,” ती म्हणाली. म्हणाली खरी, पण माणसानं माया केली का तिला फार अपमान वाटे. त्याला सगळं माहीत होतं, कदाचित थर्मामीटरच्याही आधीपासून, आणि तो गप राह्यला होता. गप राहून त्यानं तिच्यावर उपकार करून ठेवला, आणि आता तो उपकार घरभर ताकाच्या वासासारखा भरून राह्यला होता.

तलावावर पोचले तेव्हा पाण्यावर धुकं होतं. दसऱ्याआधी तेलुगू बायांनी पाण्यात सोडलेली बतुकम्माची फुलं काठाशी कुजून तपकिरी रांगोळी झाली होती. आणि त्या फुलांत ज्याचे गुलाबी तुरे खोचतात तो कुरडू, तेलुगू बाया ज्याला गुनुगु म्हणतात, तो वाळून पाळीच्या खाली छातीभर उभा होता. पलीकडं कापसाच्या रानात वेचणाऱ्या बायांच्या ओढण्या. रस्त्यात व्यंकटेशनं सांगितलं का यंदा मंचेरियलची मंडळी पण याच तलावावर डोळा ठेवून आहे. तिथला नागनाथ, खाणीतला साहेब, त्याला आपल्याआधी नाकतोड्या जाहीर करायचा आहे. काकू, यंदा लवकर तसदीक पाहिजे, असं तो म्हणाला, जसं काही ती दुकान उघडून बसली होती. मग मंडळी पाळीवर ओळीनं उभी राह्यली. डोळे मिटले. बाईनंही मिटले, पण पूर्ण नाही. टिटवी ऐकू आली. म्हशीचं फुसकारणं. दूर कापसाचा ऑटो. पाणकणसातला वारा. स्वतःच्या कानातला एक जुना समुद्र, जो तिनं कधी पाह्यला नव्हता. आणि पापणीच्या फटीतून तिला दिसलं का सुवर्णाचं तोंड उमलून राह्यलं. ओठ उघडले. व्यंकटेशची मान डावीकडं वळली, हळू, मांजरीच्या कानासारखी. अख्खी ओळ एकाच बाजूला वाकली, वाऱ्यानं ज्वारी वाकावी तशी. म्हणजे गाऊन राह्यला. आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले, आणि सगळे तिच्या बोटाकडं पाहायला लागले.

किती सोपं होतं. बोट वर करायचं, बस. तोंडं वाचता येत होती तोवर कान लागतो कशाला. अशी ती आणखी दहा साल तसदीक देत राहू शकत होती, आणि कोण्या लेकाच्याला कळलं नसतं. बोट उठायलाही लागलं होतं. पण त्याच वेळी व्यंकटेशनं मान हलवली. लहान पोराला पाढा आठवत नसला का मास्तर जसा डोळ्यांनी सुचवतो, तशी. हो ना काकू? हो म्हणा. आणि तिच्या अंगात कडू कडू काही चढलं. याच्या कानानं मी ऐकायचं? या झुडपाच्या? मचाणावरून इथवर आली ती याच्या मानेवर मान हलवायला? त्यापरीस बहिरी बरी. तिनं हात पदरात घातला.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही काय काकू? वाजून राह्यला ना, किती साफ वाजून राह्यला.”

“वाजून राह्यला असंन,” ती म्हणाली, आणि थाप कुठून आली ते तिचं तिलाही कळलं नाही, आली आणि जिभेवर बसली. “पाखरू नाही ते. पाखराले दम लागते, बाप्पा. हे दम घेऊन नाही राह्यलं. मोबाईल हाये कोणाचा तरी.”

सुवर्णानं मान तिरपी केली, जशी करीन असं वाटलं होतं तशीच, आणि बाईला वाटलं, संपलं. हसतील आता. व्यंकटेश तं पाळीवरून तरातरा निघालाच, आवाजाच्या दिशेनं, म्हणजे आताच दाखवतो तुमचा मोबाईल. मंडळी मागं. ती सगळ्यांच्या मागं, काटे चुकवत, आणि मनात एकच, का पाखरू भुर्रकन उडावं आणि दिसूच नये. तलावाला वळसा घातला तं कुरडूच्या आड नागनाथ उकिडवा बसलेला. त्याच्यासोबत मंचेरियलचे दोघं-तिघं. नागनाथनं ओठावर बोट ठेवलं, हातानं सगळ्यांना खाली बसवलं, आणि कुजबुजला का ओरडू नका, पाखरू आहे, सकाळपासून जबाब देऊन राह्यलं, तुम्ही आलात त्याच बाजूनं. आणि त्याच्यासमोर गवतात एक काळा गोल डबा ठेवलेला, त्यातून नाकतोड्या वाजून राह्यला. सुवर्णानं त्या डब्याकडं पाह्यलं. मग तोच आवाज येत होता त्या व्यंकटेशच्या खिशाकडं पाहायला लागली. व्यंकटेशनं खिशावर हात ठेवला. ठेवला तो काढेना. शेवटी काढावाच लागला, आणि संगं मोबाईलही आला, त्याच्यावर तीच थरथरती रेघ. पाखराला जरा बोलतं करावं म्हणून त्यानं मंडळीला न सांगता लावला होता, आणि असला बारीक आवाज जवळचा का लांबचा ते पाळीवर कोणाला उमगलं नव्हतं. हा डबा त्या मोबाईलला बोलावून राह्यला होता, आणि तो मोबाईल या डब्याला, आणि दोन्ही अंगाला जाणती माणसं श्वास रोखून उभी.

मग जे झालं ते बाईला मारापेक्षा वाईट वाटलं. काकूनं पाळीवरूनच ओळखलं असं सुवर्णानं सांगितलं, आणि नागनाथनं तिचे पाय धरले. खाणीत यंत्रांचे आवाज ऐकून मोटार कुठं बिघडली ते सांगणारा माणूस मी, म्हणाला, मला नाही कळलं, आणि तुम्ही एवढ्या लांबून ओळखलं. सुवर्णा तं रडायलाच आली होती. तिचा तो मोबाईलसुद्धा फसला होता, त्यानं डब्याच्या आवाजाला पाखराचं नाव देऊन टाकलं होतं. काकू, तुमचा कान म्हणजे, असं म्हणून तिनं पुढं शब्दच शोधले. व्यंकटेशनं टोपी काढून हातात धरली, तोही सलामच होता. दम घेत नव्हतं हे कसं ओळखलं, असं एकानं विचारलं, आणि बाईनं लगेच सांगितलं का माझ्या आईनं शिकवलं, आमच्या मचाणावर एक भोरडी मेल्यावरही ओरडे, ती दम न घेता ओरडे, तेव्हापासून माहीत आहे. ते ऐकत राह्यले. एकानं मान डोलावली. तिला हसू नाही आलं. मनात म्हटलं, हे असे. जो ऐकत नाही तोच यांच्यात जाणता ठरतो, आणि मीही यांच्यातलीच, यांच्यावर राज्य करणारी. आंधळ्यांत काणा राजा म्हणतात. बहिऱ्याला राजा करणारे हे पहिलेच.

डबे उघडले, उपमा वाटला, नागनाथच्या बायकोनं दिलेल्या सकिनालू, तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत कड्या, वाटल्या. दोन्ही मंडळ्या एका चादरीवर बसल्या आणि आपापल्या फसगतीवर हसायला लागल्या. हसून हसून लोक कसे एकमेकांना माफ करून टाकतात, हे बाईला कधी आवडलं नाही. तिनं वाटी घेतली नाही. ती उठली आणि पाण्याकडं गेली, कुरडूच्या कडेला, पाठ सगळ्यांकडं करून. ऊन वर आलं होतं. वाळलेल्या तुऱ्यांच्या मधात, हात पुरेल एवढ्या अंतरावर, काही हललं. ती थांबली. मातकट, चिमणीएवढं, पाठीवर काळ्या रेघा ओढलेलं, आणि शेपटी पंख्यासारखी. एका दांड्यावर चढून बसलेलं, उघड्यावर, जसं ते कधी बसत नाही. चोच उघडी होती. पार उघडी, आतली जीभ दिसे. गळा फुगलेला, आणि त्या गळ्यावरची बारीक पिसं थरथरून राह्यलेली, अख्खं अंग थरथरून राह्यलेलं, दांडाही थरथरत होता, त्यावरचा एक कोळी थरथरत होता. तुऱ्यातून बी गळत होती. आणि तिच्यापर्यंत काहीच येत नव्हतं. काच मधात धरल्यासारखं. तिनं श्वास धरला. पाखरानं मान डावीकडं फिरवली, मग उजवीकडं, सगळ्या मुलखाला गाणं वाटावं तशी, आणि वाटत राह्यलं.

मागून हसणं थांबलं. मग व्यंकटेशचा आवाज, “आता कोणाचा चालू राह्यला रे?” आणि परत हसण्याचा फुगा फुटला. नागनाथनं मुलाबाळांची शपथ घेतली का डबा बंद आहे, बटण दाबून दाखवलं. खिसे चाचपले गेले. बाईनं मान जराशी वळवून पाह्यलं: दोन गावांची शिकलेली माणसं चादरीवर गोल बसून, माना खाली घालून, आपापल्या मोबाईलमध्ये पाहून राह्यली होती, आणि एकानंही गवताकडं डोळा वर केला नाही. कशाला करतील? तसदीक झाली होती.

तिचं बोट उठलं. आपोआप, इतक्या सालांच्या सवयीनं, पदरातून बाहेर आलं आणि हवेत उभं राह्यलं. नुसतं मागं वळायचं होतं. या, पाहा, म्हणायचं होतं. पाहिलेलं पण चालते, कान कोणी विचारलाही नसता. पण मग विचारलाच असता. काकू, आता हा खरा ना? दम घेतो का पाहा बरं. आणि ते सगळे तिच्या तोंडाकडं पाहत राह्यले असते, आणि तिला त्या थरथरत्या गळ्यावरून अंदाज करून, खोटंच, हो म्हणावं लागलं असतं. खरं पाखरू समोर असून.

“काकू,” सुवर्णानं बसल्या जागेवरून विचारलं, “मोबाईलच ना?”

पाखरू तिच्याकडं पाहून राह्यलं होतं, चोच उघडी ठेवून.

“मोबाईलच,” कुमुदिनीबाई म्हणाली.

मंडळी खूश झाली. शोधा, शोधा, कोण आहे तो लबाड, असं सुरू झालं, आणि ती तशीच उभी राह्यली, त्या उघड्या चोचीत पाहत, जोवर ती मिटली नाही तोवर.